भरितात कुटलेली गोळी

ऐका, मी बडगी बोलतेय. भरीत कुटायची लाकडाची बडगी. लांबट, मधे खोलगट. दिसते पाळण्यासारखी, पण माझ्यात निजतं ते भाजलेलं वांगं. नशिराबादच्या अय्युब मिस्त्रींनी मला निंबाच्या खोडातून कोरलं. पहिल्या वर्षी माझ्यातलं भरीत जरा कडू लागलं, तर बेबाबाई म्हणाली, "सासूबाईंवर गेली!" तेव्हापासून मी या घरातलीच झाले.

बेबाबाई म्हणजे जीवराम आबांची बायको. गावाबाहेर त्यांची केळीची बाग. माणसं कुटताना फार बोलतात. ठेचणीच्या तालावर जीभही चालते. त्यामुळे शाळेत न जाता मी पुष्कळ शिकले.

गेल्या वर्षी आबांच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. जळगावच्या डॉक्टर मॅडम त्यांना दर तीन आठवड्यांनी सलाईनसारखी एक बाटली लावतात. ती म्हणे अंगातल्याच शिपायांना जागं करून गाठीवर धाडते. आणि दुखण्यासाठी मॉर्फिनची गोळी, सकाळ-संध्याकाळ. गोळीनं आबा पुन्हा हसायला लागले. बेबाबाईला दुसरं काय हवं होतं? माणूस न कण्हता समोर बसावा, आणि बसलेला राहावा.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कोणी जात नाही. काही नसलं तर एक पथ्य घेऊन येतात. वांगं वातूळ, बंद. दही थंड, बंद. केळं कफाचं, बंद. केळीच्या बागेत राहणाऱ्याला केळं बंद! आबा म्हणाले, "आता मीच बंद व्हायचा राहिलो."

त्यात पाचोऱ्याचा पुतण्या हितेंद्र मोबाईल घेऊन आला. "काका, यात लिहिलंय. ही गोळी त्या बाटलीचं औषध मारते." झालं, गोळी बंद. दुसऱ्या दिवशी आबा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले.

त्याच दिवशी आमच्याच मळ्यात भरिताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी फुटत होती. आबांचं कण्हणं ऐकून शेजारच्या झुलालनानांनी तोड काढली. "गोळी भरितात कुटा. तेला-वांग्यात तिची उष्णता मरते. मग बाटलीशी भांडायचा जोर राहत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. काल बंद केलेलं वांगं आज वैद्य झालं.

बेबाबाईनं आबांपुरतं भरीत माझ्यात ठेवलं, गोळी टाकली आणि कुटली. आम्हा लाकडांना तोंड असतं, आवाज नसतो.

तेवढ्यात पार्टीला आलेल्या धुळ्याच्या पंडितभाऊंनी पिशवीतून बाटली काढली. "आबा, हाई मोहानी शे. दोन घोट ल्या, बठ्ठं दुखनं पळी जाई!" गंमत बघा, केळ्यावर तासभर खल करणाऱ्यांपैकी एकानंही दारूला हूं की चूं केलं नाही. झुलालनाना तर म्हणाले, "मोह झाडपाल्यातच धरतात."

आबा एका हातात घास धरून रुसले. "दारू चालते, मग केळंही द्या!" यावर मात्र भांडण पेटलं. शेवटी सून दिपमाला वैतागली. "थांबा सगळे, मॅडमनाच विचारते." फोन तिनं सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मॅडम, आबांनी केळं खाल्लं तर चालेल का?"

"खाऊ द्या की. वांगंही चालेल. गोळी घेतली त्यांनी?"

"घेताहेत. भरितात कुटून दिलीय."

"खाल्लं का ते?"

"घास हातात आहे."

"खाली ठेवा आधी!"

दिपमालानं सासऱ्याच्या हातावर फटका मारला. जन्मात पहिल्यांदा. घास राखेत पडला.

"ती गोळी बारा तास हळूहळू सुटायची असते," मॅडम म्हणाल्या. "कुटली की सगळी एकदम अंगात जाते, श्वास मंदावतो. जोडीला दारू नाही ना?"

पंडितभाऊ आभाळात ढग शोधू लागले.

"दारूवर ही गोळी म्हणजे माणूस झोपेल तो उठणारच नाही."

हितेंद्रनं घसा खाकरला. "पण ती बाटलीचं औषध मारते ना?"

"त्यावर अभ्यास चालू आहे, पक्कं अजून कोणी सांगू शकत नाही. शंका आली तर मला विचारा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. दुखणंही माणसाला खातंच. आणि जुलाब लागले तर घरात सभा भरवू नका, लगेच फोन करा. त्या बाटलीनं आतडं सुजू शकतं."

मग झुलालनाना हळूच म्हणाले, "केळं चालतं म्हणाल्या ना?"

ते भरीत खोल पुरलं. बेबाबाईनं मला राखेनं, गरम पाण्यानं घासघास घासलं आणि कोनाड्यात पालथी घातली. नंतर कितीदा वांगी आली, पण तिचा हात माझ्याकडे वळेना. ज्या हातानं चाळीस वर्षं वाढलं, त्याच हातानं ती आबांना काय देणार होती! सून मिक्सरमध्ये भरीत फिरवू लागली. त्याला भरीत म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

माझं मागणं एवढंच. माझ्यात वांगं कुटा, मिरची कुटा, शेजारणीची चहाडी कुटा. गोळी तेवढी अख्खी ठेवा, आणि तिचं काय ते डॉक्टरला विचारा.

काल आबांनी स्वतः मला कोनाड्यातून उतरवलं. धाप लागली त्यांना. भाजलेली दोन वांगी माझ्यात ठेवली आणि ठेचणी बेबाबाईच्या हातात दिली.

"कूट."

"नको हो."

"अगं, गोळी गेली पोटात. अख्खी. वर केळंही खाल्लं." त्यांनी तोंड उघडून दाखवलं, लहान पोर दाखवतं तसं.

पहिला ठोका भीतभीत पडला. दुसरा नेहमीसारखा.