दुसऱ्या घरचा अनुमोदक

घरासमोरचा रस्ता रुंद झाला आणि ह्यांचं वाचनालय पलीकडे राहिलं, हे अलीकडे. पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागायचा, आकडे उलटे धावायचे, आणि हे काठी टेकत मध्यावर पोचेपर्यंत लाल. मग मी ह्यांचा दंड धरून मागे ओढायचे.

हे मुद्रितशोधक होते. निवृत्तीनंतर वाचनालयातल्या वर्तमानपत्रांतल्या चुका काढणं एवढंच सुख उरलं होतं. घरी पेपर येत नव्हता असं नाही, पण म्हणायचे, "एका पेपरात चुका त्या किती मिळणार?"

आमचं शहर आता हुशार झालंय. कुठला दिवा किती वेळ जळावा हेसुद्धा नागरिकांनी सुचवायचं, महिन्याच्या ऑनलाइन सभेत मांडायचं. ह्यांनी मांडलं: हिरवा दिवा जास्त वेळ ठेवा. मी अनुमोदन दिलं. सभा चालवणारा अधिकारी गोड आवाजात म्हणाला, "काकू, अनुमोदक दुसऱ्या घरातला लागतो."

आता दुसरं घर आणायचं कुठून? इमारतीत दारोदार फिरले. कुणी दार किलकिलं करून "बघते" म्हटलं, कुणी बेलच्या कॅमेऱ्यातूनच वाटेला लावलं. सभेत तर सगळे काळे चौकोन. वर अधिकाऱ्याचं शहाणपण असं, की कॅमेऱ्यांच्या मोजणीत ह्या चौकात काठीवाले दिसतच नाहीत. अरे बाबा, ओलांडता येत नाही म्हणून तर दिसत नाहीत. पण सांगणार कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

दर सभेला हे सूचना मांडायचे आणि ती बारगळायची. मग एका सकाळी हे उठलेच नाहीत.

पुढच्या सभेला मी ह्यांच्या खुर्चीत बसले. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, हे एक. आणि ह्यांचं काम अर्धवट सोडायचं नव्हतं, हे दुसरं. सूचना वाचली. "कुणाचं अनुमोदन?" अधिकाऱ्याने विचारलं. चौकोन काळेच. मी फोन बंद करणार तोच एक चौकोन उजळला. आमच्या खालच्या मजल्यावरची नर्स होती, पाय प्लास्टरमध्ये.

"मी देते," ती म्हणाली. "काल मीच मध्ये अडकले. काकू, तुम्ही मागे आला होतात ना माझ्याकडे? तेव्हा बघते म्हटलं आणि राहूनच गेलं. काका कसे आहेत?"

"गेले," मी म्हणाले.

ती काहीतरी बोलू बघत होती, पण अधिकाऱ्याने पुढचा विषय घेतला.

दिव्याची वेळ वाढली. त्याच सकाळी मी ह्यांची वाचनालयाची पुस्तकं परत करायला निघाले. फुटपाथच्या कडेला हात सवयीनं ह्यांचा दंड धरायला गेला, मग मी तो पिशवीभोवती आवळला. हिरवा लागला. एकटीला रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पलीकडे पोचून मागे वळून पाहिलं, तर आकडे अजून धावतच होते. गाड्या निमूट थांबलेल्या, मधला रस्ता पूर्ण रिकामा. भर रस्त्यात रडणारी बाई मी नव्हे, पण रडू आलं.

"अहो, या," मी म्हणाले. "सावकाश या. आता वेळ आहे."