मावशीचं मत

"अहो मावशी, ही तर तुम्हीच!" वॉर्डातल्या सिस्टरनं थिएटरच्या अंधारात मावशीच्या दंडाला चिमटा काढला.

पडद्यावर एक लठ्ठ, म्हातारी बदकीण आली होती. गळ्यात मापाची टेप, चोचीत दोन टाचण्या, चाल अशी की उजवा पाय आधी विचार करणार आणि मगच पडणार. आल्या आल्या तिनं शेजारच्या कासवाला त्याच्या कवचाच्या शिवणीवरून झापलं, त्याच्या आईबापांचा उद्धार केला आणि शेवटी मान झटकून म्हणाली, "जाऊ दे, मला काय त्याचं!"

सगळं थिएटर हसलं. मावशीही हसली. का नाही हसणार? भाचीचा पहिला मोठा सिनेमा होता. गोष्ट भाचीनं लिहिलेली, आणि तिच्या गोष्टीत आपली टेप, आपल्या टाचण्या, आपलं दुखरं कंबरडं. मावशीचा ऊर भरून आला. दवाखान्यातल्या अर्ध्या बायकांना ती आज स्वतः हाताला धरून घेऊन आली होती. पलीकडच्या खुर्चीवर ताई, म्हणजे भाचीची आई, मागेपुढे बघून जो दिसेल त्याला "माझी मुलगी, माझी मुलगी" सांगत होती.

मावशी दवाखान्याच्या शिवणखोलीत काम करायची. फाटक्या चादरींना ठिगळं, पेशंटच्या झग्यांना नाड्या, उशांना अभ्रे. दिवसभर मशीन आणि ती. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारणारी माणसं आता एकेक करून वरही गेली होती. साऱ्या दवाखान्याची मावशी असली तरी सख्खी मावशी ती या एकाच भाचीची.

ही भाची लहान असल्यापासून दर रविवारी तिच्याकडे यायची आणि दोघी कार्टूनचे सिनेमे बघायच्या. पोरीला बरं वाटावं म्हणून मावशीनं सुरुवात केली, आणि मग तिला स्वतःलाच त्याचं वेड लागलं. खऱ्या माणसांचे सिनेमे तिला आवडेनात. "ती माणसं रडतात तेव्हा त्यांना पगार मिळतो," ती म्हणायची. "हे चित्र बिचारं फुकटात रडतं."

आणि सिनेमा संपला की मावशीचं मत! भाची पाय पोटाशी घेऊन त्याचीच वाट बघत बसायची.

एका सिनेमात अस्वलाला नुसता सदरा होता. "वरून सभ्य आणि खाली उघडा! शिंप्याचं कापड संपलं, की लाज?" भाज्यांच्या लढाईचा सिनेमा तिनं अर्ध्यात बंद करायला लावला, कारण गाजर आणि मुळा गळ्यात गळे घालून गायला लागले. "उद्या मी चिरू काय, डोंबल?" एका राजाचा लांबलचक झगा वाऱ्यावर उडताना सगळ्या जगाला म्हणे फार सुंदर वाटला होता. मावशीला त्यात शिवण दिसेना. "अंगात घातला कुठून यानं? का जन्मलाच त्यात?" मातीच्या बाहुल्यांच्या एका जुनाट सिनेमात मात्र ती गुंगून गेली. बाहुल्यांच्या गालांवर बनवणाऱ्याच्या अंगठ्याचे ठसे दिसत होते, आणि भाची म्हणाली, ही कच्ची कारागिरी आहे. "असू दे कच्ची. कुणीतरी हात लावलाय हे तरी कळतं." मग तिनं आपल्या वडिलांचं सांगितलं. ते कधी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवायचे नाहीत. तिला एकदा ताप आला तेव्हा फिरवला होता, म्हणून ती बरी झाल्यावरही एक दिवस अंथरुणातच राहिली.

मावशीचं मत असंच असायचं. सुरुवात सिनेमाची, शेवट तिच्या आयुष्याचा. कुणी "कसं चाललंय" विचारलं तर "बरंय" म्हणून मशीन चालवणारी ही बाई, पण एखादं चित्रातलं माकड बघून मनातलं सगळं बोलून टाकायची.

काचेवर वाळूनं काढलेला एक सिनेमा होता. त्यात बोलणं नाही, गाणं नाही. किनाऱ्यावर एक बाई उभी. लाट येते, तिला पुसते, आणि ती पुन्हा काढली जाते. तो संपला आणि मावशीनं मत दिलंच नाही. रडली. भाची घाबरली. मग मावशीनं सांगितलं. कापडाच्या दुकानात एकजण कामाला होता. "संध्याकाळी येतो, तुझ्या वडिलांशी बोलतो," म्हणाला होता. तिनं दाराजवळच्या स्टुलावर चहाचे दोन कप मांडले. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही मांडले. कितीतरी दिवस मांडत राहिली. तो गाव सोडून गेल्याचं कळलं, त्यानंतरसुद्धा.

"हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही," मावशी म्हणाली. "पोटात ठेव."

"ठेवते," भाची म्हणाली. मग हळूच तिनं विचारलं, "कप कसे ठेवायचीस गं? दाखव ना." मावशीनं उठून दाखवलं. एक आपल्यापुढे, एक समोर, आणि समोरच्याचा कान दाराकडे, म्हणजे येणाऱ्याला चटकन उचलता येईल. भाचीनं पुन्हा दाखवायला सांगितलं, मावशीनं पुन्हा दाखवलं. तिला वाटलं, किती मनापासून ऐकते पोरगी. आजवर एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

आता पडद्यावर संध्याकाळ झाली. बदकिणीनं चोचीतल्या टाचण्या काढल्या, पंखांनी डोक्यावरची पिसं सारखी केली, आणि दाराजवळच्या स्टुलावर दोन कप मांडले. एक आपल्यापुढे, एक समोर. समोरच्याचा कान दाराकडे.

मावशी खुर्चीत पुढे सरकली.

बदकीण वाट बघत पेंगली. तेवढ्यात एक बेडूक टुणकन उडी मारून आला, समोरचा कप घटाघटा प्यायला आणि ढेकर देऊन पसार झाला. बदकीण जागी झाली. तिनं रिकामा कप बघितला आणि तिला वाटलं, तो येऊन गेला. ती लाजली! गाल लालबुंद, पंख तोंडावर, ठुमकत ठुमकत तीन गिरक्या. थिएटर नुसतं फुटलं. मागची मुलं खुर्च्यांवर लाथा मारून हसली, सिस्टरनं डोळे पुसले, ताई तर ठसका लागेपर्यंत हसत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कप, पुन्हा बेडूक. तिसऱ्या दिवशी बेडूक आपल्या मित्रांना घेऊन आला.

मावशी हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिली. चेहरा तसाच ठेवला नसता तर सगळ्यांना कळलं असतं. एवढ्या माणसांत तिला आपण नागडे आहोत असं वाटत होतं, आणि ज्या पोरीच्या हाती विश्वासानं मान दिली तिनंच केसानं गळा कापला होता. पुढे सिनेमात काय झालं ते तिनं बघितलं नाही.

बाहेरच्या दालनात भाची घोळक्यात उभी होती. मावशी दिसताच ती धावत आली. "मावशी! मत! लवकर सांग, माझा जीव वर-खाली होतोय!"

घोळक्यातली तिच्या स्टुडिओतली एक चित्रकार मुलगी पुढे झाली. "याच का त्या? अय्या, मावशी, आम्ही सगळे तुम्हाला ओळखतो! खरं सांगू? तुमची ती दोन कपांची गोष्ट हिनं पहिल्यांदा सांगितली ना, तेव्हा आमचं अख्खं ऑफिस रडलं होतं."

"मग बेडूक कुणी आणला?" मावशीनं विचारलं.

"तो नंतर आला. फार रडकं होत होतं ना. आता बघा, सगळ्यांत जास्त हसू त्यालाच आलं!"

ताई बाजूलाच उभी होती. तिचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. "कुठली गोष्ट?" ती म्हणाली. मग मावशीकडे बघून, "दारातलं ते स्टूल... तुला विचारलं होतं मी. तू म्हणालीस, कप असाच ठेवलाय, जास्तीचा."

मावशीनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"आणि मी आत्ता हसत होते गं," ताई म्हणाली, आणि तिथंच, सगळ्यांदेखत, तिला रडू फुटलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला नाही सांगितलं, हिला सांगितलं," मावशी म्हणाली. "चुकलंच माझं."

भाचीनं मावशीला दंडाला धरून जिन्याखाली नेलं. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं. "मावशी, ऐक तरी. मी तुझ्यावरच्या प्रेमानं लिहिलं. माझा सीन वेगळा होता. कुणी हसणार नाही असा होता. त्यांनी बेडूक घातला."

"तू बघितलास ना तो बेडूक?"

"हो."

"काढा म्हणालीस?"

भाचीनं ओळखपत्र सुलटं केलं. मग म्हणाली, "म्हणाले. एकदा. पण सगळ्यांना तोच आवडला, आणि माझा पहिलाच सिनेमा, मग मी... अगं, नाव कुठं आहे तुझं? कुणाला कळणारेय?"

"मला कळलं."

"लोक प्रेमानं हसतात गं बदकिणीला."

"बदकिणीला हसू देत की. चाल घे माझी, टेप घे, तोंड घे, मी दिलंच असतं, वर मिरवलं असतं. आत्ता मिरवतच आले होते." मावशीनं दंड सोडवून घेतला. "त्या माणसानं मला एकदा फसवलं. ते मी कसंबसं गिळलं. तू ते शिकून घेतलंस, मला दोनदोनदा मांडायला लावून. मला वाटलं, तुला माझं दुःख कळतंय. तू नक्कल उतरवत होतीस."

"मावशी, माझं चुकलं."

"चुकलं," मावशी म्हणाली, आणि सिस्टरबरोबर परत जायला वळली.

पुढच्या रविवारी भाची येईल असं मावशीला वाटलं नव्हतं. ती आली. लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी. मावशीनं तिला आत घेतलं, खुर्ची पुढे केली, उशी दिली. दारातून परत धाडायला ती काही परकी नव्हती, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली होती.

भाचीनं जुना सिनेमा शोधून आणला होता. एका दीपगृहाचा, त्यात दिवा सांभाळणारा म्हातारा आणि दर हिवाळ्यात खिडकीशी येणारा एक देवमासा. चित्रं हातानं रंगवलेली, कुठं कुठं रंग रेषेबाहेर गेलेले. म्हातारा मरतो आणि देवमासा खिडकीशी येऊन थांबतो, तेव्हा भाचीनं चोरून मावशीकडे बघितलं. मावशीचे डोळे पाण्यानं भरले होते.

सिनेमा संपला. भाचीनं पाय पोटाशी घेतले आणि वाट बघितली.

मावशीनं चष्मा काढून पदराला पुसला. दवाखान्याचे मोठे साहेब वर्षाकाठी शिवणखोलीत डोकावून "काही अडचण नाही ना?" म्हणून विचारत, तेव्हा ती ज्या आवाजात उत्तर द्यायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "छान होता हं. चहा घेशील ना?"