गोधडीआडची साक्ष

त्या शुक्रवारी वनेटा स्मॉल हॉकला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. कागदावर एक कार्ड, तिच्या फोटोचं: ही बाई आमच्या जमातीच्या कोर्टात कुणाचीही बाजू मांडू शकते. परवाना अजून कच्चा होता, पहिला खटला जजसमोर धड चालवला की पक्का. कागदाबाहेर तिला मिळणार होती मावसबहीण जोरेन, जिवंत.

जोरेनच्या नवऱ्याचा, क्लेटनचा, फायदाही छोटा नव्हता. त्याला घरापासून लांब ठेवणारा हुकूम त्याच दिवशी संपत होता. वाढवला नाही तर घर त्याचं, दोन्ही मुली त्याच्या, आणि मारायला जोरेन होतीच.

वनेटा आणि क्लेटन, दोघंही एकाच कॉलेजचे विद्यार्थी. मंगळवारी कोर्टातल्या वकिलीचा वर्ग, गुरुवारी त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर सर्वांगीण स्वास्थ्याचा. त्यात सेज नावाच्या पवित्र पाल्याचा धूर करायचा, गोल बसायचं, श्वास मोजायचे. वनेटा मंगळवारचं आपण होऊन शिकली. क्लेटनला शिक्षेऐवजी गुरुवारी जजनंच पाठवलं होतं, त्यानं जोरेनचा हात मोडला तेव्हा. गडी वर्गात पहिला आला. डिसेंबरात प्रमाणपत्र वाटायला जज ऑर्व्हिल थ्री स्टोन स्वतः आले होते, फोटो मीच काढला. जानेवारीत जोरेनचा जबडा फुटला आणि डावा डोळा गेला; तेव्हाच तो हुकूम निघाला, तात्पुरता.

क्लेटन म्हणाला, बर्फावर घसरली, मी भावाकडे होतो. भावानं मान डोलावली. जोरेनला त्या दिवसातलं काही आठवत नाही. मुली शाळेत होत्या. घरात आणखी एकच माणूस होतं, जोरेनची आई अगाथा. ती पडद्यामागं होती.

आमच्यात सासू-जावई एकमेकांचं तोंड बघत नाहीत, बोलण्याचा तर प्रश्नच नाही. दोघांचाही मान त्यातच. क्लेटनच्या गाडीचा आवाज आला की अगाथा पडद्याआड, असं नऊ वर्षं चाललेलं. त्या दिवशीही ती आत गेली, आणि लेकीला मारलेलं ऐकत आतच उभी राहिली. दार आपटून गाडी गेल्यावर बाहेर आली. गावात सगळ्यांना हे माहीत होतं, आणि तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

बुधवारी वनेटाच्या पायरीवर तिचा कुत्रा पडला होता, गळा चिरलेला. मी कोर्टाचा कारकून, म्हणून माझ्याकडे आली.

"मामा, ह्याची तक्रार वेगळी लिहायची का?"

"कुणी पाहिलं?"

"कुत्र्यानं."

"मग राहू दे."

शुक्रवारी क्लेटन इस्त्रीच्या शर्टात आला. वनेटानं अगाथाचं नाव पुकारलं तसा तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"जजसाहेब, त्या माझ्या सासूबाई. मी रीत पाळणारा माणूस आहे. त्यांच्यासमोर मी थांबू शकत नाही, आणि माझ्याशिवाय साक्ष घेता येत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "रीतवाला बघा! सासूचं पेन्शन पितो तेव्हा कुठं जाते रीत?"

"बाहेर काढू का?" जज गरजले. पण ते अडकलेच. आमच्या कायद्यातच लिहिलंय, कोर्टानं रीत मानायची.

वनेटा म्हणाली, "तोंड बघायचं नाही ना? मग आड करा. आणि मावशी जावयाशी नाही, कोर्टाशी बोलेल."

मोठा तारा शिवलेली मानाची गोधडी आणली. एक टोक झेंड्याच्या काठीला बांधलं, दुसरं मी धरलं. अगाथा पलीकडे बसली.

"अकरा," ती म्हणाली. "मी मोजले. दोनदा ओरडली पोर. मग नुसता आवाज, ओलं लाकूड फोडतात तसा."

क्लेटननं भिंतीलाच विचारलं, "जजसाहेब, त्यांनी मारणाऱ्याला पाहिलं का?"

"नाही."

"आवाज ओळखला?"

"तो बोललाच नाही."

क्लेटन हसला. "माझी गाडी भाऊही नेतो. मग काय राहिलं?"

"मोजत होता," अगाथा म्हणाली. "दर फटक्यानंतर. नाकानं आत, चार. तोंडानं बाहेर, सहा. मग पुढचा फटका."

जजनी चष्मा काढला. क्लेटनचं प्रमाणपत्र त्यांच्यासमोर फायलीत होतं. चार आत, सहा बाहेर, हे गुरुवारच्या वर्गाबाहेर कुणी शिकवत नव्हतं. आणि त्या वर्गात भाऊ कधी बसला नव्हता.

"हुकूम वाढवला," ते म्हणाले, "आणि ह्याला—"

पुढचं ऐकायला क्लेटन थांबला नाही. त्यानं खुर्ची उचलली आणि वनेटाच्या तोंडावर हाणली. दात फरशीवर पडलेले ऐकू आले. ती खाली पडली, तरी तो बुटानं तिच्या हातावर नाचत राहिला, ज्या हातानं ती टिपणं काढायची त्याच हातावर. आमचा शिपाई हेक्टर सत्तरीचा; त्याला क्लेटननं एकाच ढोपरात आडवा केला. मी गोधडी धरून उभा. सांगायला लाज वाटते, पण सोडायचं सुचलं नाही.

गोधडी मला हिसका देऊन सुटली. अगाथा काठीसकट तिच्यातून बाहेर आली. काठीला वर पितळी गरुड होता. "माझ्याकडे बघ रे," ती म्हणाली, मोठ्यानं, त्याला, आणि त्यानं बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिनं गरुड त्याच्या डोळ्यात घातला. तो पडल्यावर काठी पुन्हा उचलली. ती किती वेळा हाणतेय ते ह्या वेळी कुणी मोजलं नाही. जज टेबलावरून उडी टाकून आले तेव्हा ती थांबली.

आता कुणी काय किंमत मोजली ते सांगतो. क्लेटननं एक डोळा आणि एक वर्ष; आमच्या कोर्टाला त्याहून जास्त देता येत नाही. वनेटानं चार दात आणि उजव्या हाताची तीन बोटं. कार्ड मिळालं, सही डाव्या हातानं केली. हेक्टरनं बरगडी. जज त्या वर्गात पुन्हा कुणाला पाठवत नाहीत, म्हणजे शिक्षेऐवजी तिथं गेले असते ते आता तुरुंगात जातात. जोरेननं ह्या खेपेला काही दिलं नाही, तिचं आधीच देऊन झालं होतं. अगाथाला जजनी शिक्षा केली नाही. पण जावयाचं तोंड बघून तिनं रीत मोडली म्हणून बायका तिच्या पंगतीला बसत नाहीत, आणि ती त्यांना बसा म्हणत नाही.