लाल तेवढं वाचा

"मॅडम, तांबडं काय दिसलंच न्हाई," मारुतराव उभ्याउभ्या म्हणाले. मीटिंगमध्ये बाकीचे सगळे बसले होते.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग जोडले जात. बोल्ट किती टॉर्कला, म्हणजे किती जोराने आवळायचा, ही सूचना बदलली होती. मारुतरावांच्या लाइनने जुन्याच टॉर्कला आवळले आणि सगळा माल परत आला. प्रॉडक्शन मॅनेजर मोनिका मॅडमनी त्यांना लाइन लीडरच्या जागेवरून काढलं. "वाचून दाखवणं तुमचं काम होतं," एवढंच त्या म्हणाल्या. कोपऱ्यात बसलेला आयटीतला पोरगा, संघर्ष, टेबलाकडे बघत राहिला.

मारुतराव पूर्वी शिफ्ट सुरू होताना अख्खी सूचना खड्या आवाजात वाचत. पोरं कंटाळत. मग नव्याने लागलेल्या संघर्षने मोठी हुशारी केली. जुना आणि नवा मजकूर शब्दाशब्दाने ताडून बदललेले शब्द लाल करणारा प्रोग्राम त्याने लिहिला आणि स्वतःच सांगितलं, "काका, सगळं कशाला वाचता? लाल तेवढं वाचा." मारुतराव त्याच्या वडिलांबरोबर त्याच लाइनवर राबलेले. मित्राच्या पोराचा शब्द त्यांनी मानला.

मीटिंग संपताच संघर्षने ती सूचना प्रोग्राममध्ये पुन्हा तपासली आणि चूक सापडली. शब्द कसा ओळखायचा, याचा पॅटर्न त्याने दिला होता: सलग येणारी अक्षरं किंवा आकडे, कितीही. कितीहीमध्ये शून्यही येतं, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. शब्दांमधली मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम ओलांडायला त्याने सांगितलं होतं, कंसाचं काहीच नाही. सूचनेत मध्येच एक कंस आला. तिथे अक्षर नव्हतं, तरी पॅटर्न जुळला, रिकामाच. रिकामा शब्द हाती आला म्हणजे मजकूर संपला, असं धरून प्रोग्राम तिथेच थांबला. बदल पुढे होता. किमान एक अक्षर हवंच, एवढी दुरुस्ती चहा निवायच्या आत झाली आणि नवा आकडा लालभडक उमटला.

दुसऱ्या दिवशी मारुतरावच त्याच्या टेबलाशी आले. "पिंपरीला डोळं तपासून आलो. डाक्टर म्हणतो, चांगलं हायेत. जरा ती सूचना दाखव बरं."

आकडा त्यांना लांबूनच दिसला. "हे तर दिसतंय की! मग त्या दिशी?"

"त्या दिवशी ते लाल झालंच नव्हतं, काका. चूक माझी आहे."

मारुतराव खुर्चीत बसले. आता चार शिव्या बसणार म्हणून संघर्षने मान खाली घातली. त्यांनी मात्र सुस्कारा सोडला. "म्हंजी मी आंधळा न्हाई झालो. घरात बोललो न्हाई, पण लई भ्यालो व्हतो रं." मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडमला काय बोलू नगंस. माझी नोकरी सरत आली. तू अजून परमनंट व्हायचाय."

"असं कसं, काका," संघर्ष म्हणाला खरा. पण ते ऐकताच त्याला हायसं वाटलं होतं, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. मॅडमच्या केबिनपर्यंत तो दोनदा गेला. दार उघडंच होतं. दोन्ही वेळा तो परत फिरला.

सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला नवा लीडर खंडू लाल शब्द वाचत होता. मारुतराव मागच्या रांगेत, नव्या भरतीच्या पोरांत उभे होते. संघर्ष तिथून जाऊ लागला तसं त्यांनी पोरांना हाताने बाजूला केलं.

"सरका रं," ते म्हणाले, "साहेबांना जाऊ द्या."