शनिवारचं पाणी

जेवणाच्या सुट्टीत, सगळे कामगार डबे उघडून बसलेले असताना, वहिनीने दिराला हाक मारली आणि चंद्राचं सांगितलं. एरवी ती हे ऑफिसात, दार लोटून सांगायची.

"भावजी, पौर्णिमा गुरुवारी सकाळी आहे. पण चंद्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येणार शुक्रवारी रात्री. आणि पाणी चंद्राच्या मागून चालतं, बरोबरीने नाही. या उधाणाची मोठी भरती शनिवारी दुपारी. बोट तेव्हा काढा. गुरुवारी नको."

घास तोंडाजवळ नेलेले हात थांबले. बोट कधी सोडायची हे मालकाने, म्हणजे दिराने, सांगायचं असतं. हिशोब वहिनीचा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो असा चव्हाट्यावर कुणी मांडला नव्हता.

बोटींचा हा कारखाना खाडीत आत होता. बांधलेली बोट समुद्रात न्यायची तर खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध ओलांडावा लागे. लहान बोटींना कुठलंही उधाण चाले. ही बोट कारखान्याने आजवर बांधलेल्यांत सगळ्यात जड होती आणि इंजिनही आधीच बसवून टाकलं होतं. चंद्र पूर्ण आणि त्यात जवळ, अशा भरतीखेरीज तिच्या तळाला पाणी पुरणार नव्हतं.

"गिऱ्हाईक गुरुवारी येतंय," दीर हसत म्हणाला. "त्याला काय सांगू, वहिनींचा चंद्र अजून तयार झाला नाही म्हणून?"

दोघेतिघे हसले. वहिनीही हसली.

"हे असते तर त्यांनी शनिवारच धरला असता," ती म्हणाली.

दिराचा चेहरा उतरला. "दादाने धरलेली वेळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. बोट गुरुवारीच जाणार."

कामगारांवरच्या मिस्त्रींनी डब्याचं झाकण लावलं. वहिनी ऑफिसात परत गेली. दिराने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर गुरुवार धरावा, एवढंच तिला हवं होतं. दार लोटून सांगितलं असतं तर त्याने मुकाट्याने शनिवार धरला असता. तो मूर्ख नव्हता. तिच्याकडून चारचौघांत ऐकून घेणं मात्र त्याला जमण्यासारखं नव्हतं.

तिचा नवरा, म्हणजे कारखान्याचा थोरला मालक, सहा वर्षांपूर्वी बोटीखाली सापडून गेला होता. पाणी पुरतं भरायच्या आधीच टेकू निघाले, बोट कलंडली, आणि तो खाली होता. दादाने पाण्याची वेळ चुकवली, असं धाकट्याने पंचनाम्यात सांगितलं आणि पुढे ज्याला त्याला सांगत राहिला. गावात कुणाची वेळ चुकली की लोक म्हणू लागले, थोरल्यासारखी वेळ धरलीस वाटतं. ती वेळ वहिनीने काढून दिली होती. पाण्याला अजून तासभर अवकाश होता, हे तिला माहीत होतं आणि नवऱ्यालाही. "टेकू काढा" अशी आरोळी सगळ्यांनी ऐकली होती. कुणाची, ते कुणी बोललं नाही. वहिनी पहिल्या दिवसापासून एकच धरून होती: बोटीखालचा माणूस टेकू काढायला सांगत नाही.

गुरुवारी बोट सुटली. गिऱ्हाईक काठावर उभं होतं, दीर पुढच्या टोकावर. खाडीतून ती झोकात गेली आणि बांधावर जाऊन बसली. हातभर पाणी कमी पडलं होतं. ओहोटी लागली तशी ती वाळूत रुतत गेली. शुक्रवारी पाणी चढलं, पण रुतलेला तळ सुटला नाही. गिऱ्हाईकाने निरोप पाठवला: शनिवारपर्यंत बोट समुद्रात दिसली नाही तर आपला व्यवहार संपला.

शनिवारी सकाळी, ओहोटी असताना, तळाखालची वाळू उपसणं एवढाच मार्ग उरला होता. कामगार फावडी घेऊन बांधावर आले आणि तिथेच बसले.

"बोटीखाली शिरायचं तर पाण्याची वेळ वहिनींच्या तोंडून ऐकू," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या नाही."

दीर धावतच घरी आला. वहिनी कपडे वाळत घालत होती.

"वहिनी, चला. तुमच्याशिवाय हलत नाहीत ते."

"येते की. वेळही सांगते. पण आधी तुम्ही त्यांना एक सांगायचं."

"काय?"

"त्या दिवशी टेकू काढा म्हणून कोण ओरडलं."

"वहिनी, झालं गेलं..."

"तुमचं झालं गेलं. माझं अजून रोज होतंय." तिने चादर झटकली. "पाणी थांबत नाही, भावजी. ठरवा."

बांधावर पोचल्यावर तो आधी उगाच इकडचं तिकडचं बोलला. घाई होती, गोंधळ होता, सगळेच ओरडत होते. शेवटी तो म्हणाला, "मी ओरडलो."

"मागच्यांना ऐकू नाही गेलं."

"टेकू काढा असं मी ओरडलो! दादा नको म्हणत होता. दादाची वेळ बरोबर होती." तो घामाघूम झाला होता. "झालं? आता सांगा."

"दहानंतर कुणी तळाखाली थांबायचं नाही," वहिनी कामगारांना म्हणाली. "साडेबाराला पाणी पूर्ण. तेव्हा दोर ओढा. एवढं पाणी आज आहे, उद्या नाही."

वेळ खरी होती. तीत तिने एका मिनिटाचीही लबाडी केली नव्हती.

मिस्त्री उठले. त्यांनी फावडं वाळूत उभं रोवलं आणि ते काठाकडे चालू लागले. त्यांच्या मागोमाग एकेक फावडं वाळूत उभं राहत गेलं.

"अरे, कुठे चाललात? सांगितलं ना मी सगळं! वहिनी, थांबवा त्यांना. तुमचं ऐकतील!"

"ऐकतील," वहिनी म्हणाली. "वेळ सांगायची कबूल केली होती, ती सांगितली."

असंच होणार, हे तिला चादर झटकतानाच माहीत होतं.

तो एकटाच दहापर्यंत वाळू उपसत राहिला. मग पाणी आलं, तिने सांगितलं होतं तेवढं आणि तेव्हाच. बोटीचा पुढचा भाग उचलला गेला. मागचा रुतलेलाच होता. धरायला माणसं असती तर ती सरळ निघाली असती. दोर पाण्यात सैल लोळत होते. बोट आडवी फिरली, पाण्याने तिला उचलून बांधाच्या सगळ्यात उंच पाठीवर नेलं आणि तिथे कुशीवर टाकलं. दीर कमरेइतक्या पाण्यात एक दोर दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याने तो सोडला नाही, आणि उपयोगही काही नव्हता.

पाणी उतरू लागलं. काठावर अख्खा कारखाना उभा होता. कुणी हसलं नाही.

"वहिनी!" तो पाण्यातूनच ओरडला. "परत एवढं पाणी कधी?"

तिने तो हिशोब आदल्या दिवशीच करून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दिराला अरे-तुरे केलं.

"तुझ्या दादाला विचार," ती म्हणाली आणि बाकीचे कपडे वाळत घालायला घरी गेली.