केसाएवढी चीर

चष्म्याच्या दुकानात आठवडाभर लोकांचे नंबर काढायचे आणि रविवारी मागच्या खोलीत सुऱ्या करायच्या, असा त्याचा क्रम होता. हातात सदा कानस, म्हणून थोरली बहीण त्याला घाशा म्हणायची. बायको म्हणायची, "सवत परवडली असती. निदान जेवणात लोखंडाचा कीस तरी पडला नसता."

दाजींच्या साठीला द्यायला त्यानं शिकारीची सुरी करायला घेतली. दाजी म्हणजे ताईचा नवरा. पोटापाण्याला बुक-बाइंडर, आणि वर्षातून दोनदा परवाना काढून रानडुकराच्या शिकारीला जाणारे. घाशानं ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कापून चार महिने कानशीनं उतरवला. मुठीसाठी अक्रोडाचं लाकूड दाजींच्या मुठीच्या मापानं तासलं. मग राहिलं फक्त पात्याला पाणी देणं. भट्टीतून काढलेलं लालबुंद पातं त्यानं तेलात बुडवलं. फस्सकन धूर उठला आणि त्या धुरात बारीकसा 'टिक' आवाज झाला.

त्यानं दुकानातलं भिंग आणून पाहिलं. मूठ जिथं सुरू होणार, नेमकी तिथं केसाएवढी चीर.

पातं भंगारात टाकायचं, एवढं त्याला कळत होतं. पण साठीला चारच दिवस उरले होते. 'मुठीखाली झाकली जाईल, कुठं एवढा जोर पडणार आहे,' असं त्यानं स्वतःला समजावलं आणि मूठ बसवून टाकली.

साठीला दाजींनी सुरी सगळ्यांना फिरवून दाखवली. "माझ्या मेहुण्यानं केलीय, हातानं!" घाशा पाणी आणायला म्हणून उठून आत गेला.

तीन महिन्यांनी रानात डुक्कर सोलताना दाजींनी सांध्यात सुरी घालून जोर दिला. पातं मुठीपाशी तुटलं आणि हात तसाच अडकलेल्या तुकड्यावर गेला. ऑपरेशन झालं, टाके पडले, पण उजव्या हाताची दोन बोटं वळेनात.

घाशा भेटायला गेला की दाजीच त्याची समजूत काढायचे. "तू कशाला तोंड पाडून बसतोस? सुरी चांगलीच होती रे. मीच तिच्याकडनं पहारीचं काम घेतलं. वय झालं, हात राहिला नाही आता पहिल्यासारखा." त्यांनी बंदूक विकायला काढली होती. बाइंडिंगच्या कारखान्याला कुलूप होतं.

हे ऐकून ऐकून घाशाचा जीव अर्धा झाला. शेवटी एका दुपारी, ताई समोर असतानाच, तो म्हणाला, "दाजी, तुमचा हात चुकला नाही. पात्याला चीर होती. मला दिसली होती."

ताईनं हातातली कपबशी खाली ठेवली. दाजी उठले आणि कपाटातून तुटलेले दोन्ही तुकडे घेऊन खिडकीपाशी गेले.

तुटल्या जागी एका कडेचं लोखंड तेल मुरून काळं पडलं होतं, उरलेलं लख्ख होतं. जुनं फाटलेलं कुठलं आणि नवं कुठलं, हे पोरालाही सांगता आलं असतं.

"म्हणजे मी म्हातारा झालो म्हणून नव्हे," दाजी हळूच म्हणाले.

"नाही, दाजी."

"तीन महिने मी रोज तो हात आठवतोय. कुठं चुकला, कसा चुकला." त्यांनी तुकडे खिडकीत ठेवले. "आणि तू समोर बसून ऐकत होतास."



"तू जा आता," ताई म्हणाली. "आज जा."

महिनाभर त्या घरातून फोन आला नाही. त्यानं भट्टी विझवली ती पुन्हा पेटवली नाही. मग दाजींचा निरोप आला, की कारखाना उघडलाय, रविवारी ये.

आत फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांची, चळत होती. दाजी डाव्या हातानं पानं जुळवत होते. त्यांनी सुई-दोरा त्याच्यापुढं सरकवला. "बोटं वळत नाहीत, शिवण जमत नाही. बस. आणि गाठ घट्ट मार, दिसत नसली तरी."

तेव्हापासून तो दर रविवारी जाऊ लागला. पहिल्या पुस्तकाची शिवण दाजींनी तीनदा उसवायला लावली. ताई त्याच्याशी बोलत नसे. चौथ्या रविवारी तिनं चहाचे दोन कप आणले, एक दाजींपुढं ठेवला, दुसरा घाशाजवळ, आणि आत निघून गेली.