पहिल्या धारेची

बेप्पे हे नाव सिल्वासात आठवडाभरही टिकलं नाही. कारखान्यातल्या लोकांनी त्याचा बाप्पा करून टाकला, आणि पोटाचा घेर पाहता त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं. मालक ललितभाईंच्या डोक्यात इटालियन धर्तीची जिन काढायचं खूळ शिरलं होतं. म्हणून इटलीच्या डोंगराळ मुलखातल्या या म्हाताऱ्याला त्यांनी महिनाभरासाठी बोलावून घेतलं. वाडवडिलांपासून दारू गाळणारं घराणं होतं त्याचं. कारखान्याच्या दादऱ्यातल्या शेडमध्ये तांब्याचा एक छोटा हंडा बसवला, आणि त्याच्या हाताखाली दिली कावेरी.

कावेरी शहाद्याची, केमिस्ट्रीतली बीएस्सी, डोकमर्डीत खोली घेऊन राहणारी. घरी विचारलं तर "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायची, कारण दारूच्या कारखान्यात आहे म्हटलं असतं तर आईने अंथरूणच धरलं असतं. बेप्पेचं इंग्रजी मोडकं, हिचंही मोडकं, त्यामुळे कुणी कुणाला लाजायचं कारण नव्हतं. दोघांचं चांगलं जमलं.

त्या माणसाच्या नाकावर तर ती फिदा झाली. जुनिपरची वाळकी, काळीनिळी फळं तो तळहातावर चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि पोतं ओलीत ठेवलं होतं की कोरड्यात ते सांगायचा. धने, लिंबाची साल, ज्येष्ठमध ही आपल्या स्वयंपाकघरातली मंडळी, पण त्यांना इतक्या अदबीने हाताळताना कावेरीने कुणाला पाहिलं नव्हतं. "व्हिस्कीला पिंप सांभाळून घेतं," तो म्हणायचा. "आमच्याकडच्या ग्राप्पा दारूला द्राक्षाची सालं. जिनला कुणी नाही. घालशील तेही दिसतं, आणि काढायचं राहिलं तेही दिसतं." त्याच्या मुलखात म्हणे खोऱ्याखोऱ्याची जिन वेगळी. डोंगराकडची रानातल्या पाल्याची, समुद्राकडची लिंबाची, आणि प्रत्येक गाववाल्याला आपलीच खरी वाटते. हे ऐकून कावेरीला शहाद्यातली मसाल्यावरून होणारी भांडणं आठवली.

धार कुठे तोडायची, सगळी मेख तिथे होती. इटालियन लोक गाळलेल्या दारूचे तीन भाग करतात: डोकं, काळीज आणि शेपूट. हंड्यातून सुरुवातीला येतं ते डोकं. त्याला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा उग्र वास असतो, ते टाकायचं. मग येतं ते काळीज, तेवढंच ठेवायचं. शेवटची शेपूट शिळ्या उकडलेल्या भाजीसारखी, तीही टाकायची. अल्कोहोलचा मीटर थोडंफार सांगतो, पण शेवटचा शब्द नाकाचा.

आज बेप्पेचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी त्याची गाडी मुंबईच्या विमानतळाकडे निघणार होती, आणि सकाळचा घाणा पहिल्यांदाच एकट्या कावेरीचा होता. "बाप्पा हां बोलला, तो हंडा तुझा, बेन," ललितभाईंनी सांगून ठेवलं होतं. "नहीं तो दमणहून दारू गाळणारा उस्ताद येतोय." कावेरीला तो हंडा हवा होता. आजवर कशाचीही तिला इतकी आस लागली नव्हती.

मदतीला गोकुळभाऊ होते, नवापूरकडचे, पन्नाशीचे, कॅन भरणं आणि हलवणं त्यांच्याकडे. डोकं आणि काळीज म्हटलं तर त्यांचा गोंधळ उडेल, म्हणून कावेरीने सोपं करून सांगितलं, "गोकुळभाऊ, पहिली धार वेगळ्या कॅनमध्ये काढा." मग काळीज काढलं, शेपूट तोडली, आणि घामाने निथळत ती बेप्पेला बोलवायला गेली. पहिली धार टाकून द्यायची, हे सांगायचं मात्र राहिलं.

बेप्पे आला, ललितभाई आले. गोकुळभाऊंनी लग्नघरातल्या यजमानासारखा हसत ग्लास पुढे केला. बेप्पेने तो नाकाशी नेला, आणि ओठ न लावता खाली ठेवला. कावेरीने झडप घालून ग्लास हुंगला. नेलपॉलिश!

"गोकुळभाऊ, त्या पहिल्या धारेचं काय केलं?"

"तेनामाच टाकी दिन्ही ना, बेन!" काळजाच्या कॅनकडे बोट करून गोकुळभाऊ खुशीत म्हणाले. "बाप्पा आज चालला. पाव्हण्याला काय उरलंसुरलं पाजायचं? पहिल्या धारेचीच पाजली पाहिजे!"

आता याला चूक कोण म्हणेल? आपल्या भाषेत याहून मोठी शाबासकी नाही. गवई पहिल्या धारेचा, विनोद पहिल्या धारेचा, आणि ज्या दारूवरून हा शब्द आला तिची पहिली धार म्हणे फेकायची! ललितभाईंनी गोकुळभाऊंकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याचं हसू जागच्या जागी विरलं. कावेरी गप्प राहिली असती तर सगळं त्यांच्यावर शेकलं असतं.

"मिस्टेक माइन," ती बेप्पेला म्हणाली. "वर्ड माइन." आणि तो शब्द तिने त्याला समजावून सांगितला.

बेप्पेने तो पुन्हा म्हणायला लावला. "पैल्या दारेची," त्याने जीभ वळवून पाहिली, आणि पोट धरून हसला. "तुम्ही डोक्याला मान देता!" मग घड्याळ पाहिलं आणि हंड्याकडे बोट केलं. "सगळं परत आत घाल. पाणी घाल. पुन्हा गाळ. मी बोलणार नाही."

जुनिपर संपला होता. जे काही होतं ते त्या बिघडलेल्या कॅनमध्येच होतं. बेप्पे स्टुलावर डोळे मिटून बसला. धार सुरू झाली, कावेरी तळहातावर थेंब घेऊन चोळत राहिली, हुंगत राहिली. सकाळपेक्षा कितीतरी जास्त तिने वाया जाऊ दिलं. "सगळंच फेकणार काय, बेन?" ललितभाई कळवळले. तिने ऐकलं नाही. वास अजून टोचत होता.

मग एकदम तो बोचरेपणा गेला. आधी जुनिपर आला, मग लिंबाची साल, आणि पाठोपाठ धने. "आता," ती म्हणाली. बेप्पेची पापणीही हलली नाही. गोकुळभाऊंनी कॅन बदलला. शेपूट जवळ येते आहे असा नुसता संशय येताच तिने धार तोडली. अर्धा कॅनही भरला नव्हता.

बेप्पेने पाणी घालून घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याने ग्लास खाली ठेवला, उठला, आणि ग्लासाकडे नाही, कावेरीकडे बोट करून ललितभाईंना म्हणाला, "पैल्या दारेची."

शेडमध्ये हसू फुटलं. कावेरीला मात्र रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही. गोकुळभाऊ सकाळच्या त्या प्रकारानंतर पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, "शेठ, ही पहिली धार तरी फेकू नका."

ललितभाईंनी खिशातून फोन काढला आणि दमणच्या उस्तादाला येऊ नको म्हणून सांगितलं.